कॉलेज निवडताना गाव पण बघा: कराड, सांगली आणि लोणेरे, राहण्याच्या दृष्टीने रिव्ह्यू

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी तेच मेसेज सुरू होतात, ताई इतके पर्सेंटाइल आलेत कुठलं लागेल, दीदी कंप्युटर घेऊ की ईएनटीसी, प्लेसमेंट कुठलं भारी आहे. कट-ऑफ पोरांना तोंडपाठ असतो. मागच्या वर्षी कुठल्या कंपनीने किती पॅकेज दिलं तेही माहीत असतं. पण जिथं चार वर्षं राहायचंय ते गाव कसंय, प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळी गेटच्या बाहेर पाय टाकला की समोर काय दिसतं, ताप आला तर डॉक्टर किती लांब, शेवटची एसटी किती वाजता, हे एक पोरगं विचारत नाही, आणि आईबाबा तर त्याहून नाही, ते हॉस्टेलची फी आणि मेसचा दर विचारून मोकळे होतात.

मला विचाराल तर ब्रँचनंतर दुसऱ्या नंबरला गावच बघावं. एकाच बोर्डाची, एकाच वयाची, जवळजवळ सारख्याच मार्कांची पोरं वेगवेगळ्या गावात चार वर्षं राहून किती वेगवेगळी होऊन बाहेर पडतात ते मी आमच्याच घरात बघितलंय. मी कराडला शिकले, धाकटा भाऊ सांगलीला वालचंद कॉलेजला होता आणि आत्तेबहीण लोणेऱ्याला. तिन्ही ठिकाणी माझं जाणंयेणं भरपूर झालंय, त्यामुळे या तीन जागांबद्दल मनापासून लिहिते. शिकवणं कसंय, लॅब कशा आहेत यावर लिहिणारे खूप आहेत, मी फक्त कॅम्पस आणि आजूबाजूचं गाव घेते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्ममध्ये पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीज होते, मग पुढच्या राउंडला बघू असं म्हणायला जागाच उरत नाही. म्हणून गाव बघून यायचं असेल तर ते ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी.

तर आधी कराड. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, १९६० चं, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षीचं. कॉलेज खुद्द कराडात नाही, कृष्णेच्या पलीकडे विद्यानगर म्हणून भाग आहे तिथं आहे, आणि नाव अगदी बरोबर आहे त्या भागाचं, कारण एकाच रस्त्यावर ज्युनिअर कॉलेजवाले, गाडगे महाराज कॉलेजवाले आणि आम्ही, सगळी पोरंच पोरं. त्यामुळे त्या रस्त्यावरची सगळी दुकानंही पोरांसाठीच चालतात. झेरॉक्स, ड्रॉइंग शीट, चहा, वडापाव, मोबाईल रिचार्ज, जुनी पुस्तकं, मेस, सगळं गेटपासून चालत. पहिल्या वर्षी ग्राफिक्सची शीट रात्री अकराला फाटली तर कुठून आणायची हा प्रश्न ज्या गावात पडत नाही ते गाव इंजिनिअरिंगला चांगलं, असं माझं सरळ मत आहे.

कॅम्पस तसा साधा आहे. जुन्या सरकारी इमारती, मोठी झाडं, ग्राउंड, हॉस्टेल आतच. फोटो काढून टाकावेत असं काचेचं वगैरे काही नाही. पण मोकळीक आहे, वारा आहे, आणि मागे पूर्वेला सदाशिवगड दिसतो. हजारेक पायऱ्या आहेत त्याला. पहाटे उठून पोरं चढून येतात आणि नऊच्या लेक्चरला हजर असतात. जरा लांब जायची तयारी असेल तर आगाशिवची लेणी आहेत, तळबीडजवळ वसंतगड आहे, आणि सप्टेंबरात फुलांच्या वेळी साताऱ्याला जाऊन तिथून कास करून एका दिवसात परत येता येतं. ट्रेकिंगचा ग्रुप वेगळा काढावा लागत नाही, शनिवारी कोणीतरी निघतंच.

पण कराडचं खरं वैभव म्हणजे नदी. कृष्णा पण महाबळेश्वरची आणि कोयना पण महाबळेश्वरची, आणि एवढा लांबचा फेरा मारून दोघी कराडला अगदी समोरासमोर येऊन भेटतात, मग एकत्र वळून पुढं जातात. तोच प्रीतिसंगम. विद्यानगरहून कृष्णेचा पूल ओलांडून पेठांतून रमतगमत गेलं तरी तासाच्या आत घाटावर पोचतो आपण. तिथं यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे, बाग आहे, कृष्णामाईचं देऊळ आहे, आणि बाहेर भेळेच्या गाड्यांची रांग. ओली भेळ मागितली की तो आधी पातेल्यात कांदा आणि कोथिंबीर टाकणार, मग चुरमुरे फरसाण, मग चिंचेचं पाणी, आणि डावाने पातेल्याच्या कडेवर टकटक आवाज काढत एवढ्या जोरात हलवणार की शेजारच्या गाडीवाल्यालाही कळावं, वरून शेव आणि हिरवी मिरची मिठातली. ती घेऊन पायऱ्यांवर बसायचं. सेमिस्टरचा निकाल लागला की तिथं, मैत्रिणीचं घरी भांडण झालं की तिथं, कॅम्पस इंटरव्ह्यूत नाव आलं नाही तरी तिथंच. आमच्या बॅचच्या कुठल्याही पोरीला विचारा, चार वर्षांतल्या महत्त्वाच्या गप्पा कुठे झाल्या तर घाटावर असंच सांगेल. आणि बसलेल्यांत फक्त कॉलेजची पोरं नसतात, आजोबा असतात, लहान पोरं घेऊन आलेल्या बायका असतात, त्यामुळे पोरींना तिथं संध्याकाळी बसायला अजिबात अवघड वाटत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय कारण पोरींच्या दृष्टीने एखाद्या गावात बाहेर बसायला जागा आहे का, हा फार मोठा प्रश्न असतो आणि माहितीपत्रकात तो कुठेच नसतो.

पावसाळ्यात तोच घाट वेगळा. वर कोयनेला पाऊस वाढला आणि धरणाचे दरवाजे उचलले की घाटाच्या एकेक पायऱ्या पाण्याखाली जायला लागतात आणि अर्धं गाव पाणी बघायला येतं. २०१९ ला नदीकाठच्या भागात पाणी शिरलं होतं. कॉलेजचा भाग नदीपासून आत आहे, पण पूल बंद झाला की गावाशी संबंध तुटतो, हे जुलै-ऑगस्टमध्ये डोक्यात ठेवावं लागतं. रूम घेताना नदीच्या बाजूची स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका.

खाण्याचं म्हणाल तर अख्खा मसूर. कराड-इस्लामपूर भागात ढाब्यावर मिळतो तसा अख्खा मसूर आणि गरम रोटी पुण्यात कुठंही मिळालेली नाही मला, नावाने मिळतो, चवीने नाही. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडतो आणि पोट भरतं. मेसमध्ये भाकरी मिळते, ही पण मोठी गोष्ट आहे, मराठवाड्यातून आलेल्या पोरांना तर फारच. मटण-रस्सा रविवारी आणि बुधवारी. शुद्ध शाकाहारी वेगळ्या मेस पण आहेत.

येण्याजाण्याला कराडएवढं सोयीचं गाव कमी असेल. पुणे-बंगळूर हायवे गावाला लागून, कोल्हापूर नाक्यावर उभं राहिलं की पुण्याची किंवा कोल्हापूरची गाडी थोड्या वेळात मिळतेच. रेल्वे स्टेशन ओगलेवाडीच्या बाजूला, म्हणजे कॉलेज गाव आणि स्टेशन यांच्या मध्ये पडतं. कोयना एक्सप्रेस मुंबईला जाते, आणि विदर्भातल्या पोरांसाठी महाराष्ट्र एक्सप्रेस, गोंदिया ते कोल्हापूर, थेट. माझी रूममेट अमरावती जिल्ह्यातली होती, बडनेऱ्याला बसायची आणि गाडी न बदलता कराडला उतरायची. घरापासून लांब शिकायला पाठवताना आईवडील कॉलेजचं रँकिंग बघतात, पण दिवाळीला पोरगी एकटी घरी कशी येणार ते पण बघायला पाहिजे ना.

आता न आवडलेलं. गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, उसाचे ट्रॅक्टर. सह्याद्री आणि कृष्णा असे दोन मोठे कारखाने जवळ, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर चालू, मोठ्याने गाणी लावलेली आणि कित्येक ट्रॉल्यांना मागे लाल रिफ्लेक्टरसुद्धा नसतो. टू-व्हीलरवरच्या पोरांना हात जोडून सांगणं आहे, अंधार पडल्यावर त्या रस्त्याला गाडी हळू घ्या. दुसरं, गाव लवकर झोपतं. दहानंतर स्टँडच्या आसपास सोडलं तर सामसूम. ज्याला रात्री बाराला कॅफेत बसून कोडिंग करायचंय त्याची सोय नाही. तिसरं, कंपन्या. इंटर्नशिप करायची तर पुण्यालाच जावं लागतं, एखाद्या कंपनीत जाऊन दोन तास बघून येऊ असं होत नाही. आणि बाहेरच्या रूमचं डिपॉझिट. एका घरमालकाने आमचं डिपॉझिट रंगाच्या नावाखाली कापून घेतलं, लिहून काही आम्ही घेतलेलं नव्हतं, ना त्याने दिलं, त्यामुळे भांडायला आधार नाही. असे लोक सगळ्या गावात असतात, तुम्ही मात्र पहिल्या दिवशी भिंतींचे फोटो काढा आणि पैसे ऑनलाइनच द्या.

गाव म्हणून कराडला पाचातले साडेचार देते. अर्धा त्या ट्रॅक्टरांमुळे गेला.

सांगली वेगळी. वालचंद १९४७ चं कॉलेज, आधी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज नाव होतं, १९५५ ला वालचंद झालं. विश्रामबागला, सांगली-मिरज रस्त्यावर. कॅम्पस मोठा आहे, जुना आहे, आणि आत गेलं की हायवेचा आवाज बंद होतो एवढी झाडं आहेत. भावाला सोडायला गेलो तेव्हा आईने पहिलं वाक्य हेच म्हटलं की इथं सावली आहे. एप्रिल-मे सांगलीला जाणाऱ्याला कळेल सावलीचं काय महत्त्व आहे ते, ऊन भाजून काढतं.

पण कराडात आम्हाला गावात जायला पूल ओलांडावा लागायचा, सांगलीत तसं नाही, गेटच्या बाहेर पाऊल टाकलं की शहरच. विलिंग्डन कॉलेज शेजारी, १९१९ चं, त्यामुळे हा सगळा भाग शंभर वर्षं विद्यार्थ्यांना सांभाळायची सवय असलेला आहे. घरगुती मेस चालवणाऱ्या काकू, खोल्या देणारी घरं, सायकल दुरुस्तीवाले, सगळ्यांना परीक्षेचं वेळापत्रक पाठ. भावाच्या मेसवाल्या काकू सबमिशनच्या आठवड्यात डबा थेट हॉस्टेलच्या गेटवर पाठवायच्या, न मागता. दवाखान्याचं म्हणाल तर मिरज शेजारी, ते तर दवाखान्यांचंच गाव, लांबलांबून, अगदी कर्नाटकातून पेशंट येतात. आणि मिरज जंक्शन असल्यामुळे रेल्वेची चिंताच नाही. विश्रामबागहून मिरजेला जायला सिटी बस आहे, नाहीतर वडाप, म्हणजे शेअर जीप-रिक्षा, हात केला की थांबतो.

मिरजेतल्या सतारमेकर गल्लीबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय, कारण भावाच्या शिक्षणात त्या गल्लीचा वाटा आहे असं मी मानते. तो मेकॅनिकलचा. दुसऱ्या वर्षाला व्हायब्रेशन वगैरे पुस्तकात वाचत होता, आणि एका मित्राबरोबर सहज म्हणून त्या गल्लीत गेला. छताला कडू भोपळे टांगलेले, पंढरपूरच्या बाजूने येतात ते, वर्षानुवर्षं वाळवलेले. खाली एक म्हातारे कारागीर मांडी घालून तंबोऱ्याची जवारी लावत बसलेले. म्हणजे घोडीचा, तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानसेने अगदी कणाकणाने घासायचा, तार लावायची, छेडायची, कान देऊन ऐकायचं, परत तार सोडायची, परत घासायचं. मोजायला कुठलंही यंत्र नाही, नुसत्या कानावर. भाऊ सांगत होता की त्यांनी एक तार छेडली ती कोरडी वाजली, मग चारदोन वेळा कानस फिरवली आणि तीच तार गुंजायला लागली, आणि त्याच्या अंगावर काटा आला. नंतर तो वरचेवर जायचा, शेवटच्या वर्षी प्रोजेक्टही त्याने तारांच्या कंपनांवरच घेतला. आता मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ ला जीआय मानांकन मिळालंय. गावात शिकायचं म्हणजे हे. हे शहराबाहेरच्या डोंगरावरच्या काचेच्या बिल्डिंगीत शिकणाऱ्याला कसं मिळणार.

नाटकाचा नाद असणाऱ्यांनी तर सांगलीच निवडावी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला मराठीतलं पहिलं नाटक इथंच केलं, ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिनाला भावे पदक इथंच देतात, आणि भावे नाट्यमंदिरात वर्षभर काही ना काही चालू असतं. मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात संगीत सभा होते, मोठमोठे गायक येऊन हजेरी लावतात, आणि तिथं तिकीट नसतं, जमिनीवर बसून ऐकायचं. कॉलेजच्या वयात असं काही कानावर पडलं तर ते जन्मभर पुरतं. हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, रविवारी सकाळी सायकलवर जाऊन यायला छान. परत येताना गावात भडंग घ्यायचा, हॉस्टेलवर किलोभर आणलेला भडंग दोन दिवस टिकत नाही.

सांगलीचा मोठा उणेपणा म्हणजे पूर. २००५, २०१९, २०२१. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, जुनी सांगली, गणपती पेठ, मारुती चौक सगळं पाण्यात. विश्रामबाग उंचावर असल्यामुळे कॉलेजच्या पोरांना तेवढा त्रास झाला नाही, पण दूध, भाजी, पिण्याचं पाणी, एटीएम सगळ्याची ओढाताण झाली. भाऊ आणि त्याचे मित्र तेव्हा पूरग्रस्तांसाठी जेवणाची पाकिटं भरायला बसले होते, रात्री दोन-दोनपर्यंत. तेव्हापासून तो सांगलीला माझं गाव म्हणतो. तरी रूम घेणाऱ्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना एवढंच विचारायचं की २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, लोक भिंतीवरची खूण दाखवतात. बाकी रस्ते खराब, उपनगरात पावसाळ्यात चिखल, आणि कंपन्यांच्या बाबतीत कराडसारखीच गत, पुणं गाठावं लागतं. साडेचारच, पण कला-संगीताची आवड असणाऱ्याला पूर्ण पाच.

आता लोणेरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, १९८९ चं, रायगड जिल्ह्यात मुंबई-गोवा हायवेवर, माणगाव आणि महाडच्या मध्ये. चवदार तळ्याचं महाड जवळच, २० मार्चला, १९२७ च्या सत्याग्रहाच्या दिवशी, तिथं लोटलेली गर्दी बघितली की विद्यापीठाला हे नाव या भागात का शोभतं ते समजतं. कॅम्पस चारशे एकरांच्या वर आहे. सह्याद्रीच्या पायथ्याचा, उघडा, हिरवा. जूनच्या सुरुवातीला पाऊस पडायच्या आधी झाडांवर काजवे दिसतात. आत्तेबहिणीने पहिल्यांदा व्हिडिओ कॉल करून दाखवले तेव्हा आमच्या सोलापूरच्या आज्जी मोबाईल सोडायला तयार नव्हत्या. रायगड किल्ला तासा-दीड तासाच्या अंतरावर. निसर्ग म्हणून बघाल तर तिघांत हाच कॅम्पस सगळ्यात सुंदर, यात वादच नाही.

पण गाव नाही. आणि माझ्या दृष्टीने हा मोठा फरक आहे. गेटबाहेर थोडी हॉटेलं, किराणा, मेडिकल, एवढंच. कपडे घ्यायचे, चष्मा करायचा, दात दुखतोय, लॅपटॉप बिघडला, सगळ्याला माणगाव नाहीतर महाड. गोरेगाव रोड नावाचं कोकण रेल्वेचं स्टेशन जवळ आहे पण तिथं मोजक्याच गाड्या थांबतात. हायवेचं रुंदीकरण इतकी वर्षं चाललंय की पावसाळ्यात मुंबईहून कधी पोचणार याचा अंदाज बांधूच नये, आणि पुण्याहून ताम्हिणी घाटातून यायचं तर दरड पडली का ते आधी बघायचं. पाऊस म्हणजे पाऊस. धुतलेले कपडे आठवडाभर ओले, हॉस्टेलच्या खोलीत दोरीवर जीन्स लटकतेय आणि तिला वास यायला लागलाय, वह्यांना बुरशी, चपलांना बुरशी, भिंतीला ओल. आत्तेबहीण पहिल्या पावसाळ्यात रडून फोन करायची. सोलापूरची पोरगी, आयुष्यात एवढा पाऊस बघितलेला नाही. दुसऱ्या वर्षी तिने इस्त्री, सुती कपडे कमी आणि लवकर वाळणारे जास्त, कपाटात कापूर आणि तांदळाची पुरचुंडी, असं सगळं शिकून घेतलं.

तरी मी लोणेऱ्याला वाईट म्हणणार नाही. काही पोरं अशी असतात की त्यांना गर्दी नको असते, बाजार नको असतो, चार मित्र, लायब्ररी आणि शांतता पुरते. त्यांच्यासाठी ही उत्तम जागा आहे. एमटेकसाठीच्या गेट परीक्षेची तयारी करणारी पोरं तिथं खरोखर अभ्यास करतात कारण दुसरीकडे जायलाच काही नाही. आणि गाव नसल्यामुळे पोरं एकमेकांना घट्ट धरून राहतात, आत्तेबहिणीच्या ग्रुपइतकी एकमेकांसाठी धावणारी मैत्री मी आमच्या कराडच्या बॅचमध्येही बघितली नाही. पण ज्याला घरची लवकर आठवण येते, ज्याला माणसांत राहायची सवय आहे, लहानपण वाड्यात किंवा भरल्या गल्लीत गेलंय, त्याने लोणेरे फॉर्ममध्ये वर टाकायच्या आधी एकदा जुलैत जाऊन यावं. उन्हाळ्यात बघून ठरवू नका. गावाला अडीच, कॅम्पसला पाच.

पुणे-मुंबईच हवं म्हणणाऱ्यांसाठी पण थोडं लिहिते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथं होतो. सीओईपी, १८५४ चं, शिवाजीनगरला नदीकाठी, स्वतःचा बोट क्लब, स्टेशन चालत, डेक्कन चालत. व्हीजेटीआय, १८८७ चं, माटुंग्याला, दादर पाच मिनिटांवर, बाहेर उडपी हॉटेलं आणि फाइव्ह गार्डन्स. ही कॉलेजं खरोखर शहरात आहेत, तिथं लागत असेल तर डोळे मिटून जा. पण पुण्याच्या नावावर विकली जाणारी कितीतरी कॉलेजं पुण्यात नाहीतच. हायवेला लागून, टेकडी फोडून, आजूबाजूला अर्धवट बांधलेल्या सोसायट्या. जवळच्या चौकात जायला रिक्षा, शहरात यायला बसने दीड तास, पाणी टँकरचं, आणि खोलीचं भाडं मात्र पुण्याचं. अशा एका ठिकाणी माझ्या ओळखीची मुलगी शिकली, नाव लिहीत नाही, चार वर्षांत तिने पुणं म्हणून फक्त मॉल बघितला. कट-ऑफ कराड-सांगलीपेक्षा कितीतरी खाली आणि फी कितीतरी वर. तरी लोक घेतात, कारण नातेवाइकांत पुण्याला आहे असं सांगता येतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण पैसे कर्ज काढून भरलेले असतात.

बघायला जाल तेव्हा रविवारी जाऊ नका, रविवारी सगळी गावं सारखीच दिसतात. वर्किंग डेला दुपारी जा, मुक्काम करा. संध्याकाळी सातला गेटबाहेर उभं राहून बघा किती पोरी एकट्यादुकट्या चालत जाताहेत, याच्याइतकी खात्रीची खूण दुसरी नाही. मेडिकलवाल्याला विचारा रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं. एसटी स्टँडवर आपल्या गावाची गाडी कधी आहे ते फलकावर नका बघू, कंट्रोलरला विचारा. मेसमध्ये पैसे देऊन एक वेळ जेवा आणि शेजारी बसलेल्या पोराला विचारा मे महिन्यात पाणी येतं का. कॉलेजने टूर करून दाखवलेलं ऑडिटोरियम तुम्ही वर्षातून दोनदा वापरणार, ती मेस दिवसातून दोनदा.

यंदा माझा मामेभाऊ फॉर्म भरतोय. त्याला तबला येतो आणि ब्रँच मेकॅनिकल किंवा इलेक्ट्रिकल काहीही चालणार आहे, म्हणून मी त्याला सांगली एक नंबरला आणि कराड दोनला टाकायला सांगितलंय, कॅपमधून मिळणारी पुण्याजवळची दोन कॉलेजं खाली. मामाचा आग्रह पुण्याचा होता. आता बापलेक दोघं या शुक्रवारी जाताहेत, आधी कराडला उतरून घाट आणि विद्यानगर, मग रात्री सांगलीला मुक्काम, आणि जेवण भावाच्या त्याच मेसवाल्या काकूंकडे. मामाला मी एवढंच सांगितलंय की काकूंना आधी फोन करा, त्या शुक्रवारी पिठलं-भाकरी करतात आणि साडेआठनंतर पिठलं उरत नाही.